नवीन पिकअप बसवला आणि आवाज बिघडला? आयर्न तापवायच्या आधी मीटर लावा

इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप (तारांचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग) पहिल्यांदा घरी बदलणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. आवाजच येत नाही. येतो, पण पातळ, नाकातून बोलल्यासारखा. सतत घुंऽऽ असा हम येतो. तारांना हात लावला की तो जातो, किंवा उलट हात लावल्यावरच वाढतो. पिकगार्ड (गिटारच्या पुढचं झाकण) उघडं असताना सगळं छान वाजतं आणि स्क्रू आवळले की गिटार गप्प. यातलं काहीही झालं तरी बहुतेक जण एकच इलाज करतात: सोल्डरिंग आयर्न पुन्हा तापवायचं आणि दिसेल तो सांधा पुन्हा सोल्डर करायचा.

मीही तेच केलं होतं. ब्रिजजवळचा हंबकर (तारेच्या दोन गुंडाळ्यांचा पिकअप) बदलला, आवाज पातळ आला आणि वर हमही. पिकअपच खराब निघाला असं मी धरून चाललो. तीनदा वायरी काढल्या, तीनदा लावल्या. तिसऱ्या खेपेला व्हॉल्यूम पॉटच्या (नॉबखालच्या, रोध कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या) पाठीवर आयर्न इतका वेळ दाबून धरलं की पॉट आतून गेला. नॉब फिरवला की खरखर, मध्येच आवाज गायब. मूळ दोष शेवटी दोन वायरींच्या रंगांत सापडला. पिकअप पहिल्या दिवसापासून ठणठणीत होता आणि एका मिनिटाच्या मोजणीत ते कळलं असतं.

म्हणून आग्रहाने सांगतो: नवा पिकअप क्वचितच खराब असतो. दोष जोडणीत असतो आणि तो कुठे आहे हे बऱ्याचदा एकही स्क्रू न काढता कळतं. त्यासाठी साधा डिजिटल मल्टीमीटर लागतो. सोल्डर करायला निघालेल्या माणसाकडे आयर्नच्या आधी मीटर हवा.

पहिली मोजणी: केबलच्या टोकावरून

गिटारमध्ये नेहमीची केबल घाला, ॲम्पकडचं टोक मोकळं ठेवा. व्हॉल्यूम पूर्ण उघडा. मीटर २० किलोओहमच्या रेंजवर ठेवून एक प्रोब प्लगच्या टोकाला आणि दुसरा त्याच्या दांड्याला लावा. आता स्विच एकेका पिकअपवर न्या आणि आकडे कागदावर लिहून घ्या.

तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे म्हणजे पिकअपची कॉईल. त्या तारेचा रोध तुम्ही मोजताय. स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या) धाटणीच्या सिंगल कॉईलला, म्हणजे एकाच कॉईलच्या पिकअपला, साधारण ५.५ ते ६.५ किलोओहम, जुन्या धाटणीच्या हंबकरला ७ ते ८.५, आणि जोरकस आवाजाच्या हंबकरला १२ ते १६ असा आकडा येतो. पिकअपच्या डब्यावर किंवा माहितीपत्रकात तो छापलेला असतो. केबलवरून मोजताना व्हॉल्यूमचा पॉटही समांतर जोडलेला असतो, त्यामुळे आकडा थोडा कमी दिसतो. ५०० किलोओहमच्या पॉटवर ८ चा पिकअप ७.९ च्या आसपास दिसेल. याची काळजी करू नका. तांब्याचा रोध तापमानानेही बदलतो, दर अंशाला सुमारे ०.४ टक्के. आयर्न नुकतंच लावलेला गरम पिकअप आणि सकाळच्या गारव्यातला तोच पिकअप सारखा आकडा देणार नाही.

आता आकडा काय सांगतो ते बघा. अपेक्षेइतका आला तर पिकअपपासून जॅकपर्यंतचा (केबल घालायच्या जागेपर्यंतचा) रस्ता धड आहे. शून्य आला तर हॉट वायर (संकेत नेणारी) कुठेतरी ग्राउंडला (संकेताच्या परतीच्या बाजूला) चिकटली आहे, किंवा व्हॉल्यूमच्या पॉटचे बाहेरचे दोन पाय उलटे लागले आहेत. अशा वेळी नॉब पूर्ण बंद करून बघा. बंद केल्यावर आवाज येत असेल तर पायांचीच अदलाबदल झाली आहे. मीटरवर रेंजबाहेरचा आकडा दिसला तर रेंज २ मेगाओहमवर न्या. तिथे २५० किंवा ५०० किलोओहमच्या जवळपासचा आकडा दिसला तर तुम्ही पॉट मोजताय, म्हणजे जॅक आणि पॉट जोडलेले आहेत पण पिकअप त्यांच्यापर्यंत पोचलेलाच नाही. त्या रेंजवरही काहीच दिसलं नाही तर जॅक आणि पॉट यांच्यामधली एखादी वायर सुटली आहे, बहुधा जॅकवरचीच.

आणि हंबकरला ८ च्या जागी ४ दिसले तर? हीच माझी गोष्ट. त्याकडे येतोच.

अजिबात आवाज नाही

मोजणीवरून जागा कळली की गिटार उघडा. तारा कापू नका, सैल करून पिकगार्ड निघेल एवढी जागा करा. मानेखाली गुंडाळलेलं फडकं ठेवा. फिनिशवरही एक फडकं पसरा, कारण सोल्डरचा एक उडालेला थेंब लाकडावरच्या पॉलिशमध्ये कायमचा खड्डा करतो.

आधी जॅक बघा. त्याला दोन पाय असतात. लांब, वाकडी पट्टी प्लगच्या टोकाला टेकते, ती हॉट. प्लगच्या दांड्याभोवतीचं कडं म्हणजे ग्राउंड. दिसायला दोन्ही पाय सारखेच असल्यामुळे चूक सहज होते. कोणता पाय कशाला जोडलेला आहे ते मीटरच्या बीपवर तपासा, डोळ्यांवर सोडू नका.

पॉटच्या पायांचंही तसंच. पुढून बघायचं की मागून, यात आकृत्या माणसाला हमखास फसवतात. त्यापेक्षा नॉब पूर्ण बंद करा आणि मधल्या पायापासून दोन्ही बाजूंचा रोध मोजा. ज्या पायाशी शून्याजवळचा आकडा येतो तो ग्राउंडचा. दुसऱ्या बाजूला पिकअप आणि मधल्यावर बाहेर जाणारी वायर, ही नेहमीची व्हॉल्यूमची जोडणी. हे मोजताना पॉटला दुसरी कुठलीही वायर जोडलेली नसेल तर उत्तम.

उघडं असताना वाजते, झाकलं की बंद

या तक्रारीने लोक फार हैराण होतात, कारण टेबलावर प्रत्येक वेळी सगळं बरोबर असतं. यात सोल्डरचा काही संबंध नसतो. झाकण बसवताना हॉटचा एखादा उघडा भाग ग्राउंडला टेकतो, एवढंच. पोकळीत तांब्याची शिल्डिंग पट्टी (बाहेरची विजेची गडबड अडवणारी) लावली असेल तर ही शक्यता फारच वाढते. पाच खटक्यांच्या स्विचचे पाय पोकळीच्या भिंतीला घासतात. जॅकमध्ये प्लग घातला की ती लांब पट्टी बाहेरच्या बाजूला वाकते आणि पोकळीतल्या तांब्याला लागते, म्हणून प्लग नसताना मोजलं तर सगळं ठीकच दिसतं.

केबल लावून, मीटर जोडलेला ठेवून झाकण हळूहळू खाली आणा. आकडा ज्या क्षणी शून्यावर पडतो त्या क्षणी हात थांबवा आणि कुठे काय टेकलंय ते वाकून बघा. तिथे इन्सुलेशन टेपचे दोन थर द्या, उघड्या सांध्यांवर उष्णतेने आवळणारी नळी चढवा, जॅक थोडा फिरवून पट्टीचं तोंड मोकळ्या बाजूला करा. वायरी गरजेपेक्षा लांब ठेवल्या असतील तर त्या स्प्रिंगसारख्या दाबल्या जाऊन पॉटच्या पायांत शिरतात. त्याही कापून बेताच्या करा.

हम: आधी सुरक्षेचं

गिटारच्या आतल्या वायरीत फारच क्षीण वीज असते, तिथे शॉक लागायची भीती नाही. पण तारा ग्राउंडच्या वायरीने ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात आणि त्या तुमच्या हातात असतात. ॲम्पचं अर्थिंग नसेल किंवा ॲम्पमध्ये बिघाड असेल तर तो धोका थेट तुमच्या बोटांपर्यंत येतो. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, किंवा मायक्रोफोनला ओठ लागल्यावर चटका बसत असेल तर गिटारमध्ये दोष शोधत बसू नका. ॲम्प बंद करा, प्लग काढा, ॲम्प आणि घरातलं अर्थिंग जाणकाराकडून तपासून घ्या. हम घालवण्यासाठी ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढणं हा उपाय नाही. तो जिवाशी खेळ आहे.

मग गिटार बाजूला ठेवून नुसतं ॲम्प चालू करा. हम आहे? मग तो ॲम्पचा. नसेल तर दुसरी केबल लावून बघा. केबल निर्दोष ठरली की मगच गिटारकडे वळा.

हम: हाताने होणारी तपासणी

तारांना हात लावल्यावर हम कमी होत असेल तर तुमची जोडणी बरोबर आहे. हे वाचून बऱ्याच जणांना हायसं वाटेल, कारण नव्या माणसाला हाच दोष वाटतो. आपलं शरीर भोवतालची विजेची गडबड गोळा करत असतं. तारांना हात लागला की शरीर ग्राउंडला जोडलं जातं आणि ती गडबड पिकअपपर्यंत पोचत नाही. हात काढल्यावरचा आवाज फार वाटत असेल तर शिल्डिंग वाढवा.

तारांना हात लावून काहीच फरक पडत नाही, पण जॅकच्या धातूला बोट लावलं की हम कमी होतो? मग ब्रिजची ग्राउंड वायर तुटली आहे. पिकअप बदलताना तुटणारी ही पहिल्या क्रमांकाची वायर. स्ट्रॅटच्या धाटणीत ती मागे स्प्रिंगच्या पट्टीला, म्हणजे क्लॉला सोल्डर केलेली असते. टेलिकास्टरमध्ये ब्रिजच्या पत्र्याखाली दाबलेली असते. लेस पॉलसारख्या गिटारमध्ये ब्रिजच्या किंवा टेलपीसच्या खुंट्याच्या भोकात सरकवलेली असते. मीटरचा एक प्रोब ब्रिजला आणि दुसरा जॅकच्या कड्याला लावा. एक-दोन ओहमच्या आत आकडा आला तर वायर शाबूत. क्लॉवर नवा सांधा करायचा असेल तर आयर्न चांगलं तापलेलं हवं, कारण तो जाड धातू उष्णता ओढून घेतो. आधी पॉलिश पेपरने घासल्याशिवाय त्यावर सोल्डर धरतच नाही.

तारांना हात लावला की हम वाढत असेल तर हॉट आणि ग्राउंड उलटे झाले आहेत, बहुतेक वेळा जॅकवर. आता तारा, पॉटचे सांगाडे, शिल्डिंग, सगळंच हॉट झालंय आणि तुम्ही अँटेनाला हात लावताय. जॅकवरच्या दोन वायरी अदलाबदल केल्या की प्रश्न संपतो. एकाच पिकअपवर असताना वाढत असेल तर त्या पिकअपच्या वायरी बघा, विशेषतः त्याला धातूचं कव्हर असेल तर.

शेवटचं, गिटार गळ्यात घालून जागच्या जागी सावकाश एक फेरी मारा. दिशा बदलली की हम कमी-जास्त होत असेल, एका कोनात जवळजवळ नाहीसा होत असेल, तर तो चुंबकीय हम आहे. ट्रान्सफॉर्मर आणि विजेच्या वायरींतून निघणारा, ५० किंवा ६० हर्ट्झचा, जाड आणि गोल आवाज. सिंगल कॉईल तो पकडणारच. तांब्याची पट्टी त्याला थांबवत नाही. दिवे मंद करायचा डिमर, स्वस्त एलईडी, संगणकाचा चार्जर यांची कर्कश, दाणेदार झिरझिर मात्र शिल्डिंगने बरीच कमी होते. या दोन आवाजांत फरक न केल्यामुळे लोक पूर्ण पोकळी तांब्याने मढवतात आणि तरी हम जात नाही म्हणून निराश होतात. पट्टीचा चिकट भाग वीज वाहून नेतोच असं नाही, म्हणून दोन तुकडे जिथे एकमेकांवर येतात तिथे सोल्डरचा एक ठिपका द्या आणि शेवटी एका वायरीने ती ग्राउंडला जोडा. ही वायर विसरली तर पट्टी असून नसल्यासारखी.

चुंबकीय हमवरचा खरा उपाय दुसऱ्या कॉईलचा. सेथ लव्हर यांनी गिब्सनसाठी हंबकर तयार केला. पेटंटसाठी अर्ज १९५५ मध्ये केला, पेटंट १९५९ मध्ये मिळालं. कल्पना देखणी आहे. दोन कॉईल एकमेकींच्या उलट दिशेने जोडायच्या आणि त्यांचे चुंबकही उलटे ठेवायचे. हम दोघींत उलटसुलट येतो आणि एकमेकाला मारतो. तारेचा आवाज मात्र दोनदा उलटल्यामुळे सुलट होऊन बेरजेत येतो. स्ट्रॅटच्या आजच्या अनेक संचांत मधला पिकअप असाच उलट गुंडाळीचा आणि उलट ध्रुवाचा असतो, म्हणून दुसऱ्या आणि चौथ्या खटक्यावर हम गायब होतो. १९५४ च्या मूळ स्ट्रॅटमध्ये तसं नव्हतं. जुन्या धाटणीचा संच घेतला असेल, किंवा मधला एकच पिकअप बदलला असेल, तर त्या खटक्यांवर हम राहील. तो दोष नाही, त्या पिकअपची बनावटच तशी आहे.

आवाज पातळ येतो

इथे पहिला प्रश्न: पिकअप एकटा असताना पातळ आहे, की दोन एकत्र असताना?

एकेकटे दोन्ही भरदार आणि एकत्र केल्यावर खालचे सूर गायब, आवाज अर्धा, पोकळ झालेला असेल, तर दोघांचा फेज उलट आहे. एकाचा संकेत वर जातो तेव्हा दुसऱ्याचा खाली. वेगवेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र केले की हे सर्रास घडतं आणि त्यात कोणाचीच चूक नसते. खातरजमा अशी करा: मीटर पिकअपच्या दोन वायरींना लावा, लाल प्रोब हॉटला. मीटर रोधाच्या रेंजवर असताना स्क्रूड्रायव्हरचं पोलादी टोक चुंबकाच्या खांबावर टेकवा आणि झटकन उचला. उचलताना आकडा क्षणभर वर उडी मारतो की खाली, ते बघा. काट्याचा जुना मीटर असेल तर तो डिजिटलपेक्षा हे जास्त स्पष्ट दाखवतो. आता दुसऱ्या पिकअपवर तेच करा. दोन्ही एकाच दिशेला उडी मारतात की विरुद्ध?

विरुद्ध असतील तर एका पिकअपच्या हॉट आणि ग्राउंडची अदलाबदल करायची. साध्या दोन वायरींच्या सिंगल कॉईलमध्ये हे दोन मिनिटांचं काम. पण ज्याचं धातूचं कव्हर ग्राउंडच्या वायरीला जोडलेलं आहे, उदाहरणार्थ टेलिकास्टरचा नेक (मानेजवळचा) पिकअप, तिथे नुसती अदलाबदल केली की कव्हरच हॉट होतं आणि त्याला हात लागला की हम. आधी कव्हरची जोड कापून त्याला स्वतंत्र ग्राउंड वायर द्यावी लागते. ती जोड पिकअपच्या पाठीवर अगदी छोटी असते आणि शेजारीच केसाहून बारीक कॉईलची तार असते. हात स्थिर नसेल तर दुसऱ्या पिकअपची अदलाबदल करा, परिणाम तोच. बाहेरून जाळीची एकच वायर असलेल्या जुन्या धाटणीच्या हंबकरला मात्र हात लावू नका, त्याची जाळीच ग्राउंड असते.

आता माझी तक्रार: एकटाच हंबकर पातळ आणि वर हम. चार वायरींच्या हंबकरमध्ये प्रत्येक कॉईलची दोन टोकं वेगळी बाहेर येतात, शिवाय पाचवी उघडी वायर शिल्डची. रंगांचा सगळ्या कंपन्यांना मान्य असा नियम नाही. सेमूर डंकनच्या पिकअपमध्ये काळी हॉट, लाल आणि पांढरी एकत्र जोडून वेगळी टेप लावायची, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. डीमार्झिओमध्ये लाल हॉट, काळी आणि पांढरी एकत्र, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. दोन्हींत रंग तेच आहेत आणि हिरवी दोन्हीकडे ग्राउंडलाच जाते, म्हणून एकाचा तक्ता दुसऱ्याला लावला तर चूक डोळ्यांना दिसतच नाही.

डंकनच्या पिकअपला मी दुसरा तक्ता लावला होता. त्या पिकअपमध्ये काळी आणि पांढरी ही एकाच कॉईलची दोन टोकं. ती मी एकमेकींना जोडली, म्हणजे एक अख्खी कॉईल स्वतःशीच बांधून बाजूला टाकली. उरली लाल-हिरवी अशी एकटी कॉईल. हंबकर विकत घेतला आणि वाजवत होतो अर्धा. मीटरने ८ च्या जागी ४ दाखवले असते.

उलट चूक जास्त फसवी. डीमार्झिओच्या पिकअपला डंकनचा तक्ता लावला तर दोन्ही कॉईल मालिकेत (एकामागून एक) येतात, मीटर पूर्ण आकडा दाखवतो, पण एक कॉईल उलटी लागलेली असते. तारेचा आवाज वजा होतो आणि हमची बेरीज. रोधाचा आकडा फेजबद्दल काहीच सांगत नाही, हे लक्षात ठेवा. इथे स्क्रूड्रायव्हरची चाचणी एकाच हंबकरच्या दोन रांगांवर वेगवेगळी करा. नीट जोडलेल्या हंबकरमध्ये दोन्ही रांगांवर उडी एकाच दिशेला असते. आणि ८ च्या जागी २ दिसले तर दोन्ही कॉईल समांतर लागल्या आहेत. तो आवाज स्वच्छ, थोडा बारीक आणि हमरहित असतो. काहींना तो आवडतो, पण नकळत झालेला असेल तर दुरुस्त करा.

पातळपणा नसून आवाज मंद, ब्लँकेटखालून आल्यासारखा असेल तर पॉट बघा. सिंगल कॉईलला २५० आणि हंबकरला ५०० किलोओहम अशी रीत आहे. हंबकरला २५० चे पॉट लावले की वरचे सूर दबतात. जुन्याच पॉटवर नवा पिकअप लावणाऱ्यांना हा अनुभव नेहमी येतो. टोनच्या कपॅसिटरला लोक उगाच दोष देतात. ०.०२२ आणि ०.०४७ मायक्रोफॅरडमधला फरक मुख्यतः टोन खाली आणल्यावर कळतो.

सोल्डरबद्दल, थोडक्यात पण कळकळीने

कच्चा सांधा आज वाजतो आणि महिन्याने दगा देतो. तो ओळखायचा कसा? सोल्डर गोळीसारखं वर बसलेलं असतं, कडा आत वळलेल्या, जणू पानावरचा पाण्याचा थेंब. चांगला सांधा उतरता असतो. सोल्डर वायरीभोवती पसरून धातूत विरघळल्यासारखं दिसतं आणि आतल्या वायरीचा आकारही ओळखू येतो. चिमट्याने वायर हलकेच ओढा. हलली तर सांधा पुन्हा करा.

रेझिनच्या गाभ्याचं सोल्डर घ्या. नळकामाचं ॲसिड फ्लक्स अजिबात नको, ते सांधे खातं. ६३/३७ चं कथील-शिसं १८३ अंशांना वितळतं आणि लगेच घट्ट होतं, नवख्या हाताला तेच सोपं. धुरासाठी खिडकी उघडी ठेवा आणि शिशाचं काम असल्याने नंतर हात धुवा. वायरीच्या टोकाला आधी सोल्डर पाजून घ्या. पॉटची पाठ पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. तिथे आयर्नचं चपटं, रुंद टोक वापरा, अणकुचीदार नको. टोकदार आयर्नने उष्णता पोचत नाही, मग माणूस दाबून धरतो आणि पॉट जळतो. माझा असाच गेला. ३५० अंशांच्या आसपास तापलेलं रुंद टोक तीन-चार सेकंदांत काम करतं. नाही झालं तर उचला, पॉट पूर्ण थंड होऊ द्या, मग पुन्हा. सोल्डर घट्ट होईपर्यंत वायर हलवू नका. हात थरथरत असेल तर वायर आधी टेपने जागेवर धरून ठेवा.

जे दोष नाहीत

लेस पॉलच्या धाटणीत स्विच मध्ये असताना एका पिकअपचा व्हॉल्यूम शून्यावर आणला की दोन्ही गप्प होतात. त्या जोडणीत ते तसंच व्हायचं. बॅटरीवर चालणाऱ्या ॲक्टिव्ह पिकअपसाठी २५ किलोओहमचे पॉट लागतात. ते जुन्या पॉटवर लावले तर व्हॉल्यूम नॉब दिव्याच्या बटणासारखा वागतो, एकदम चालू, एकदम बंद. त्यात ९ व्होल्टची बॅटरी केबल घातलेली असेपर्यंत खर्च होत राहते, म्हणून वाजवून झालं की केबल काढा.

झाकण्याआधी आणि झाकल्यावर

तारा पूर्ण ताणायच्या आधी, झाकण सैल असतानाच ॲम्पला जोडा आणि आवाज कमी ठेवा. स्विच एकेका खटक्यावर नेऊन प्रत्येक पिकअपवर स्क्रूड्रायव्हरने हलकेच टकटक करा. ज्याची पाळी आहे तोच मोठ्याने वाजायला हवा. नेकवर स्विच असताना ब्रिज टकटकला तर स्विचवरच्या वायरी उलट्या आहेत.

सगळं जुळलं, तारा चढवल्या, आणि तरीही वरच्या फ्रेटवर जाड तारांचा सूर डळमळतोय, एकाच तारेत दोन सूर भांडल्यासारखे ऐकू येतात? आता वायरींना हात लावू नका. पिकअप तारांच्या फार जवळ आहे आणि त्याचे चुंबक तार खेचतायत. स्ट्रॅटसारख्या सिंगल कॉईलमध्ये हे विशेष होतं. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि चुंबकाच्या खांबापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. जाड तारेकडे २.४ मिलिमीटर आणि बारीक तारेकडे २ मिलिमीटर ही सुरुवातीला चांगली मापं. तिथून स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवत, प्रत्येक वेळी बाराव्या फ्रेटच्या वर जाडी तार वाजवून ऐका, सूर स्थिर होईपर्यंत.